टेबलावरचे हैदराबाद

जुन्या निळ्या आयसीएफ डब्याची लांबी साधारण सव्वाबावीस मीटर. असे २४ डबे लागले की इंजिन सोडूनही गाडी ५३० मीटरच्या पुढे जाते. सिकंदराबादला ही गाडी मावणारा फलाट १:८७ या मापात, म्हणजे छंदी मंडळी ज्याला ‘एचओ’ म्हणतात त्या मापात करायचा ठरवला, तर तो सहा मीटरहून लांब होतो. शहरातल्या फ्लॅटमधली भिंत एका फलाटातच संपते. यार्ड, सिग्नलची केबिन, पाण्याची टाकी, बाहेरचा रिक्षांचा तळ या सगळ्याला जागा कुठून आणणार?

म्हणून छोट्या रेल्वेचा देखावा उभारणाऱ्याला पहिल्या दिवसापासून कात्री हातात घ्यावी लागते. फलाट सहा डब्यांचा होतो, डोंगर अर्धा कापला जातो, गावातली दहा घरे तीन घरांत आटोपतात. काय ठेवले म्हणजे पाहणाऱ्याला ‘हे अमुक ठिकाण’ असे वाटेल, हा या कलेतला खरा प्रश्न. रूळ सगळीकडे सारखेच असतात. गाव कोणते आणि साल कोणते, हे रुळांच्या बाहेरच्या गोष्टी सांगतात.

हा प्रश्न सुरुवातीला कुणाला पडलाच नव्हता. १८९१ च्या लाइपझिग जत्रेत जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने ठरावीक मापांचे, एकमेकांना जोडून वाढवता येणारे रूळ मांडले आणि खेळण्यातल्या गाडीला इंग्रजी आठच्या आकड्यात फिरायला मार्ग मिळाला. त्या मार्गाभोवती जमीन नव्हती, होता तो दिवाणखान्याचा गालिचा. हौसेची परमावधी पाहायची तर ग्वाल्हेरला जावे. तिथले संस्थानिक माधवराव शिंदे यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची गाडी फिरे. तिच्या सात वाघिणींवर ‘सिंदिया’ नावाची सात रोमन अक्षरे, वर मद्याची पात्रे आणि सिगार. पाहुण्याने पात्र उचलले की गाडी थांबे, खाली ठेवले की चालू लागे. यांत्रिक करामत पहिल्या प्रतीची; पण वाटेत ना झाड, ना पूल, ना स्टेशन. हैदराबादच्या फलकनुमा राजवाड्यात १०१ माणसे बसतील असे टेबल आहे, मात्र त्याची कीर्ती लांबीपुरतीच राहिली. माधवरावांना खऱ्या रेल्वेचाही नाद होता. राजवाड्याच्या आवारात दोन फुटी गेजची गाडी आली आणि त्यातूनच पुढे ग्वाल्हेर संस्थानचे छोटे लोहमार्ग पसरले. गंमत म्हणजे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा जीआयपी, म्हणजे ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वेबरोबर शिंद्यांची रेल्वे आणि निजामाची रेल्वे या दोन्ही एकाच दप्तरात आल्या.

देखाव्याला स्वतःचे मोल आले ते इंग्लंडमध्ये, १९३० च्या दशकात. जॉन अहर्न या गृहस्थाने ‘मॅडर व्हॅली’ नावाची एक काल्पनिक दरी उभारली. तिच्यात गाडी होतीच, पण गावे, गल्ल्या, गिरणी यांनाही तिच्याइतकाच मान होता. रॉय इंग्लंड तर त्याहून पुढचा. हा माणूस १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आला. ऑक्सफर्डच्या दक्षिणेकडच्या खेड्यांतली गवताने शाकारलेली घरे पाडली जाताहेत आणि जुन्या छपरांवर नवे पत्रे चढताहेत, हे त्याने पाहिले. त्याने मोजमापे घेतली, भिंतींचे रंग टिपून ठेवले आणि एकेक घर १:७६ मापात करायला घेतले. १९५४ मध्ये त्यातून पेंडन संग्रहालय उभे राहिले. अहर्नची दरीही आज तिथेच आहे. पेंडनमध्ये गाडी पाहायला आलेला माणूस परसातल्या कोबीच्या वाफ्यांपाशी रेंगाळतो. ती खेडी जमिनीवर आता तशी उरलेली नाहीत, त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकालाही हे टेबल डावलता येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या जॉन अ‍ॅलनने उलट्या बाजूने सुरुवात केली. मॉन्टेरे इथल्या घराच्या तळघरात त्याने जमिनीपासून छतापर्यंत डोंगर चढवले आणि गाड्यांना मुद्दाम गंज, काजळी, धूळ लावली. नवी कोरी गाडी खोटी दिसते, हे त्याने सगळ्यांना पटवून दिले. १९७३ च्या जानेवारीत तो वारला आणि त्याच महिन्यात आग लागून ते सगळे जळाले. छायाचित्रे तेवढी मागे राहिली.

आता हातकामाकडे वळू. डोंगर पोकळ हवा, नाहीतर टेबल वाकते. याच छंदाला वाहिलेल्या एका अमेरिकी मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी रूढ केलेली रीत अशी: वर्तमानपत्राच्या चुरगळलेल्या बोळ्यांवर प्लास्टरमध्ये बुडवलेले कागदी रुमाल पसरायचे, ते वाळले की आतले बोळे काढून घ्यायचे. ही रीत वाचून कोणत्याही मराठी माणसाला आपली दिवाळीची सुट्टी आठवावी. विटा, दगड आणि मोडके डबे रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकायचे, बुरूज थापायचे, हळीव किंवा मोहरी पेरून तटाखाली हिरवळ उगवायची आणि मग मावळे कुठे उभे करायचे यावरून भांडायचे. प्लास्टरच्या जागी चिखल, बाकी तंत्र तेच. हैदराबादेतल्या तेलुगू घरांत बोम्मल कोलुवूच्या पायऱ्यांशी मुले जो बगिचा किंवा बाजार मांडतात, त्यातही धान्याच्या कोंबांची शेते असतात. म्हणजे या छंदाला लागणारे निम्मे शिक्षण दख्खनच्या मुलाला फुकट मिळालेले असते. उरलेले निम्मे चिकाटीचे. रुळांमधली खडी चाळून घ्यायची, ब्रशने स्लीपरांच्या मध्ये सारखी करायची आणि पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून ते मिश्रण तिच्यावर ड्रॉपरने सोडायचे. साबण नसेल तर गोंदाचा थेंब खडीवर गोळी होऊन बसतो आणि मुरत नाही.

एवढे असूनही मराठी मुलखातला सर्वांत नावाजलेला देखावा परदेशी वळणाचा आहे, हे जरा चमत्कारिकच. पुण्यात कोथरूडला, संगम प्रेसच्या परिसरात, भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. त्याआधी १९८२ मध्ये त्यांनी हलवता येईल असे एक छोटे शहर केले होते, पण ते दरवेळी सोडून पुन्हा जुळवणे जिकिरीचे ठरले. कायमच्या जागेत मांडणी करायचा निर्णय त्यातूनच आला. इथे वाफेची गाडी, वेगवान गाडी, लटकती गाडी, डोंगरावरचा रोपवे, सर्कस, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसून पाहायचा सिनेमा असा सगळा थाट आहे. दिवे मालवून रात्र केली जाते तेव्हा मुले श्वास रोखतात. भाऊंच्या हिकमतीला दाद द्यावी तितकी थोडी. पण घरे, वाघिणी आणि माणसे मुख्यतः युरोपी बनावटीच्या संचांतून मिळत असल्यामुळे सगळा मुलूख युरोपच्या बाजूला झुकलेला दिसतो. दोष छंदाचा नव्हे, बाजाराचा. काळ्या पाषाणाचे स्टेशन आणि बाभळीचे झाड डब्यात भरून कुणी विकत नाही.

मग हैदराबाद करायचे तर काय करायचे? इथे सामग्रीची वाण नाही.

वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग १८७४ मध्ये, सालारजंगांच्या दिवाणगिरीत, निजाम सरकारच्या पैशाने सुरू झाला आणि हैदराबाद जीआयपीच्या मुंबई–मद्रास मार्गाशी जोडले गेले. पुढचा टप्पा वादाचा होता. १८८३ मध्ये चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, दिशेने रेल्वे नेण्याच्या योजनेला उघड विरोध केल्याबद्दल सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना संस्थानाबाहेर घालवण्यात आले. तरीही कंपनी झाली, ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’, आणि १८८९ पर्यंत रूळ बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पोचले. शतक बदलताना गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला भिडला. मराठवाड्यातल्या कित्येक घरांसाठी राजधानी म्हणजे या मीटरगेजच्या दुसऱ्या टोकाचे शहर. १९३० मध्ये निजाम सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली.

इथे एक तांत्रिक योग जुळून येतो. बाजारात मिळणारे एचओ रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. ८७ ने गुणले तर १,४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोपचा गेज. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे. त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणून भारतीय डबा तयार रुळांवर ठेवला की तो अरुंद पायांवर उभा राहिल्यासारखा दिसतो. मीटरगेजला मात्र साडेअकरा मिलिमीटर लागतात, आणि १२ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही. निजामाचे मीटरगेज टेबलावर जवळपास खरे करता येते. जमिनीवर मात्र मनमाड मार्गाचे रुंदीकरण १९९० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने होत गेले आणि ते छोटे डबे इतिहासजमा झाले.

स्टेशन निवडायचे तर काचीगुडा. १९१६ ची इमारत, मधोमध मोठा घुमट, बाजूंना लहान घुमट, वर मिनार. निजामाच्या रेल्वेचे मुख्य ठाणे हेच होते. एवढा देखणा चेहरा दोन फूट रुंदीत कापून बसवला तरी ओळखू येतो. त्या काळच्या रेल्वेच्या वस्तू तिथल्या छोट्या संग्रहालयात पाहायला मिळतात. सिकंदराबादची गोष्ट निराळी. तिथली जुनी दर्शनी इमारत नव्या स्थानकासाठी २०२५ च्या सुरुवातीला पाडायला घेतली. ती करायची असेल तर आता छायाचित्रांवरच भिस्त.

खरी परीक्षा खडकांची. हैदराबादच्या भोवतालचा ग्रॅनाइट सुमारे अडीच अब्ज वर्षांचा. भेगांतून पाणी शिरून कोपरे झिजत गेले आणि एकावर एक तोललेले गोल धोंडे उरले. १९९६ मध्ये ‘सोसायटी टु सेव्ह रॉक्स’ ही संस्था स्थापन झाली ती हे धोंडे सुरुंगांनी उडवले जाताना पाहून. हायटेक सिटीच्या बाजूचे कितीतरी तोवर आणि त्यानंतरही गेले. मापात करताना पहिला मोह होतो खरी ग्रॅनाइटची खडी वापरण्याचा. तो टाळावा. खऱ्या दगडातले स्फटिक १:८७ मापाला हातभर मोठे वाटतात, आणि अस्सल वस्तूच बनावट दिसते. प्लास्टरचे गोळे ओले असतानाच तासून, वाळल्यावर राखाडी आणि फिक्या गुलाबी रंगाचे पातळ हात द्यावेत. मग वरून खाली काळपट ओघळ सोडावेत, कारण पावसाचे पाणी जिथून उतरते तिथे खडकावर असेच डाग पडतात. बशीत कांदे मांडावेत तसे धोंडे सुटे मांडले तर फसले. प्रत्येक धोंडा ज्या मोठ्या खडकातून सुटला त्याची भेग खालपर्यंत दिसली पाहिजे.

असा खडक आणि रेल्वे एकत्र हवी तर मौला अली. उघडा बोडका ग्रॅनाइटचा डोंगर, माथ्यावर दर्गा, पायथ्याशी कवयित्री महालका बाई चंदा हिची कबर, जवळच स्टेशन आणि इंजिनांची शेड. अलीकडे लालागुड्याची कार्यशाळा, जी १८९३ पासून चालू आहे. तारनाक्याला इरिसेट, म्हणजे रेल्वेची सिग्नल आणि दूरसंचार अभियंते घडवणारी संस्था. ती १९५७ पासूनची. तिथल्या मॉडेल रूममध्ये रूळ, सिग्नल आणि ब्लॉक यंत्रांची चालती मांडणी आहे. मँचेस्टरला लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने १९१२ च्या सुमारास सिग्नलवाल्यांच्या शाळेसाठी अशीच मांडणी केली होती आणि ती शतक सरत येईपर्यंत वापरात राहिली. अशा मांडणीत झाडाची गरज नसते. चुकीचा सिग्नल दिला तर काय होते, एवढे शिकणाऱ्याला दिसले की काम झाले. हौशी माणसाला मात्र या खोलीतून सिग्नलची शिस्त उचलता येते. देखावा कितीही सुंदर असो, होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरू देणारा सिग्नल, चुकीच्या जागी असेल तर रेल्वेतला जुना माणूस पहिल्यांदा तेच दाखवतो.

शेवटी साल ठरवावे लागते आणि इथे तडजोड चालत नाही. १९३१ ठरवले तर काचीगुड्यापुढे टांगे आणि बैलगाड्या. १९३२ च्या जूननंतरचे काहीही ठरवले तर निजामाच्या रेल्वेची बस उभी करायला हवी, कारण त्या महिन्यात रेल्वेच्याच खात्याने २७ बस रस्त्यावर आणल्या. त्यांच्या नंबरप्लेटवरचे ‘झेड’ निजामाच्या आईच्या, झेहरा बेगमच्या, नावावरून आले असे सांगतात आणि तेलंगणातल्या सरकारी बसवर ते अक्षर अजून असते. १:८७ मापात ते अक्षर एक मिलिमीटरचेही होत नाही. तरी ते काढावे.