मोऱ्याच्या धक्क्यापासून पळस्पे फाट्यापर्यंत

पळस्पे फाट्यावर पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता वेगळा होतो. त्या फाट्याच्या अलीकडे, जुन्या पुणे रस्त्याला लागून, एक दुमजली लॉज आहे. खाली जेवणघर, वर एका रांगेत खोल्या, खोल्यांपुढे लांब गॅलरी, गॅलरीला सिमेंटची जाळी, आणि पुढच्या अंगणात ट्रक सहज वळेल एवढी मोकळी जागा. माझे बाबा तिथं मॅनेजर होते. आता मालकांच्या मुलानं त्या इमारतीचं जुन्या थाटाचं, मोजक्या खोल्यांचं, जरा महाग असं मुक्कामाचं ठिकाण करायचं ठरवलं आहे. जुन्या इमारती दुरुस्त करणं हाच माझा व्यवसाय, म्हणून काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच बैठकीत त्यानं अमेरिकेतले फोटो पुढं ठेवले. गुलाबी निऑनचा बाण, लाल रेक्झिनचे सोफे, कोपऱ्यात गाण्यांचं यंत्र. "ताई, मुंबई-गोवा हायवेचा नंबरपण सहासष्टच आहे की! आपला रूट सिक्स्टी-सिक्स," तो म्हणाला. त्याची हौस खरी आहे आणि नंबरही खरा आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७ नव्या क्रमवारीत ६६ झाला, आणि त्याची सुरुवात पनवेललाच होते. पण जुनेपण आणायचं तर ते ह्या रस्त्याचं आणावं, परक्या रस्त्याचं उसनं आणू नये, असं माझं ठाम मत आहे. हा रस्ता काही कमी जुना नाही.

माझं माहेर उरणच्या मोऱ्याचं. उरण हा पूर्वी पनवेल तालुक्याचा पेटा, त्यामुळे आजीच्या जुन्या कागदांवर मोऱ्याचा तालुका पनवेलच लिहिलेला आहे. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. त्याआधी मुंबईहून उरणला यायचं तर भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडायची आणि मोऱ्याला उतरायचं, नाहीतर ठाण्यावरून मोठा वळसा घ्यायचा. ह्या बंदराचं वेळापत्रक घड्याळाच्या आधी समुद्र ठरवतो. ओहोटी लागली की गाळ उघडा पडतो आणि लाँच धक्क्याला लागू शकत नाही. आजही ऐन ओहोटीत फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. मग परगावचा माणूस खोळंबतो. मिठागरांचे व्यापारी, मासळीचे दलाल, उरणच्या पारशी मालकांच्या मोहाच्या दारूभट्ट्यांवर कामाला आलेले लोक असे खोळंबायचे. पथारी पसरायला ओळखीच्या घराची ओटी. आजी सांगायची, ओटीवर निजलेल्या माणसाला सकाळी चहा न देता जाऊ द्यायचं नाही. त्याचे पैसे कोणी घेत नसे.

पनवेलचं तसं नव्हतं. पनवेल ही देशावर जाणाऱ्या वाटेची बंदरपेठ होती. मुंबईहून होडीनं पनवेल, तिथून पालखी, घोडा किंवा बैलगाडी, पुढे चौक, खोपोली आणि बोरघाट. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ च्या ऐन पावसाळ्यात ह्याच वाटेनं पुण्याला गेले. १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटात चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला आणि पनवेलची भरभराट झाली. कापसाच्या गाड्या घाट उतरून इथं यायच्या. त्यांच्यासाठी चाकं घडवणं हा पनवेलचा नावाजलेला धंदा होता. गाडीवान रात्रभर थांबले तर जू उतरवून गाडीखालीच निजायचे. बैलांना पाणी आणि माणसाला सावली एवढं मिळालं की मुक्काम झाला. खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आजही आहे. घाट चढण्याआधी आणि उतरल्यावर माणसाला काय लागतं, हे त्या तलावाच्या पायऱ्यांवर बसलं की कळतं.

ह्या वाटेवर मुक्कामाच्या दोन जाती होत्या, आणि मी जात हा शब्द जाणून वापरते आहे. गोऱ्या साहेबासाठी सरकारी बंगला, त्यात खानसामा, पलंग आणि अभिप्रायाची वही. इतरांसाठी धर्मशाळा. पण धर्मशाळा तरी सगळ्यांसाठी कुठं होती? ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडून घ्यावा लागला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य वर्गाला वापरू द्याव्यात. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या संदर्भात हा ठराव आपल्याला माहीत असतो, पण त्यात धर्मशाळाही होत्या हे आपण विसरतो. त्या सत्याग्रहाचं, २० मार्च १९२७ चं महाड ह्याच गोव्याच्या रस्त्यावर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना स्वतःला १९१७ साली बडोद्यात पारशी सरायीत पारशी नाव सांगून राहावं लागलं, आणि ते कळल्यावर लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. परदेशात शिकून आलेल्या, सरकारी नोकरीवर रुजू झालेल्या माणसाला निजायला खोली मिळाली नाही. मुक्कामाच्या जागेचा इतिहास लिहिताना ही गोष्ट पहिल्या पानावर यायला हवी. अमेरिकेतल्या निऑनच्या फोटोंमागेही हेच आहे. काळ्या प्रवाशांना बहुतेक मोटेलांत खोली मिळत नसे, म्हणून हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन ह्या पोस्टमननं १९३६ पासून, त्यांना कुठं उतरता येईल याची यादी दरसाल छापायला सुरुवात केली. ती पुस्तिका तीस वर्षं चालली. जुना थाट उभारताना आपण ह्यातलं काय ठेवतो आणि काय झाकतो?

मोटेलाची कहाणी मालकांच्या मुलाला मी सांगितली, कारण ती आमच्या लॉजसारखीच आहे. १९२५ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो इथं आर्थर हाइनमन ह्या वास्तुविशारदानं पहिलं मोटेल उघडलं. मोटार थेट खोलीच्या दाराशी, ही त्यातली नवी सोय. पुढच्याच वर्षी अमेरिकेतला रूट ६६ हा महामार्ग ठरला. १९५६ च्या कायद्यानं मोठे आंतरराज्य महामार्ग आले, गावं बाजूला पडली, मोटेलं ओस पडली आणि १९८५ मध्ये रूट ६६ चा क्रमांकही रद्द झाला. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९३६ चं सॅन होजे नावाचं असंच एक पडीक मोटर कोर्ट होतं. लिझ लॅम्बर्ट यांनी ते १९९५ मध्ये घेतलं आणि २००० साली नव्यानं उघडलं. मूळच्या खोल्या ठेवल्या, अंगणात झाडं. जुनी इमारत त्यांनी पाडली नाही, आणि ते लोकांना भावलं.

आपल्याकडे हेच दोनदा घडलं. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि पनवेलची बंदरपेठ उतरणीला लागली. पुढं मोटारी आणि ट्रक आले, जुना पुणे रस्ता पुन्हा गजबजला. मग २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला, आणि कळंबोलीहून निघालेली गाडी पळस्प्याला न थांबता थेट घाटात जाऊ लागली. बाबांचं लॉज ह्या दुसऱ्या बहरातलं.

ते मला आतून बाहेरून पाठ आहे. काउंटरवर लांबट रजिस्टर असायचं. नाव, वय, कुठून आला, कुठं जाणार, काय काम, गाडीचा नंबर, सही. जातीचा रकाना नव्हता, आणि कोणाला खोली नाकारलेली मी पाहिली नाही. काउंटरमागे भिंतीवर दरपत्रक. सिंगल, डबल, कॉट बेसिस, गरम पाण्याची बादली वेगळी. लहानपणी मला वाटे, हा बोर्ड बाबांच्या हौसेचा आहे. पुढं १८६७ चा सराय कायदा वाचला. सरायीच्या मालकानं खोल्या आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, राखणदार ठेवावा आणि दरांची यादी सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या भाषेत लावावी, असं त्यात कलम आहे. बाबांच्या त्या पत्र्याच्या पाटीमागे एवढी मोठी परंपरा होती. मागच्या अंगणात तांब्याचा बंब, शेजारी लाकडाच्या ढलप्या. ट्रकवाले खोली घेत नसत. ते बाजेचे पैसे देत आणि उघड्यावर झोपत, एक डोळा गाडीवर ठेवून. पहाटे चारला क्लीनर टायरवर टॉमी आपटून हवा बघायचे, तो आवाज म्हणजे लॉजची जाग.

आणि लादी. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर दोन व्हिट्रिफाइड टाइल काढून पाहिल्या. खाली सिमेंटची जुनी नक्षीदार लादी निघाली, करड्यावर तांबडी चौकट, कडेनं पट्टी. ठेकेदार म्हणाला, "फोडून टाकू, लेव्हल सारखी होईल." मी हात धरला.

अशा लादीचं आमच्या गावाशी नातं आहे. १९२२ साली फेरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या प्रेरणेनं भारत टाइल्स सुरू केली, ती उरणमध्ये. त्या काळी श्रीमंतांच्या घरात इंग्लंडहून आलेली मिंटनची लादी बसे. तिच्या तोडीची लादी इथल्या हातांनी करायची, हा त्यांचा निश्चय होता. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात पितळी पट्ट्यांची जाळी ठेवतात, एकेका कप्प्यात रंगीत सिमेंट आणि संगमरवराची भुकटी ओततात, जाळी अलगद उचलतात, वर कोरडं सिमेंट-रेती घालून प्रेसखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. रंग वरवर लावलेला नसतो, तो जाड थरात असतो, म्हणून पन्नास वर्षं पाय घासले तरी नक्षी पुसत नाही. मधल्या काळात चकचकीत टाइलनं ह्या कामाला मागं टाकलं. आज जगभर जुन्या थाटाची हॉटेलं नेमकी हीच लादी शोधत फिरतात. लॉजमधली लादी कोणत्या कारखान्याची, हे तिच्या पाठीवरचा शिक्का बघून ठरेल, आणि एक सैल झालेली लादी काढल्याशिवाय ते दिसणार नाही. पण उरणच्या पोरीनं ती फोडू द्यावी, हे शक्य नव्हतं.

मालकांच्या मुलाशी मग दोन संध्याकाळी वाद झाला. तो चिडला, पण ऐकूनही घेत होता. आता ठरलं आहे ते असं. वरची सगळी व्हिट्रिफाइड निघेल, खालची लादी धुऊन, फुटलेल्या जागी नव्यानं दाबून घेतलेल्या लाद्या बसवून, हलकं पॉलिश. गॅलरीची जाळी तशीच. अंगणात डांबर नाही, बाजा असतील, आंबा आणि करंज राहतील. काउंटरमागे मराठी दरपत्रक, बाबांच्या अक्षराच्या वळणाचं, आणि त्याखाली १८६७ च्या कायद्यातल्या कलमाची दोन ओळींत माहिती. जेवणघरात एका भिंतीवर ह्या रस्त्याचा इतिहास: मोऱ्याचा धक्का, पनवेलची चाकं, खोपोलीचा तलाव, बोले ठराव, महाड. पाहुण्यांना जड वाटेल का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, ज्यांना वाचायचं नाही ते जेवतील. निऑनचा बाण त्यानं हट्टानं ठेवला आहे, त्यावर मी गप्प बसले. ट्रकवाल्यांसाठी मागच्या बाजूला पूर्वीच्याच पद्धतीनं बाजा आणि आंघोळीची सोय ठेवावी, हे मात्र अजून मान्य झालेलं नाही. मी सोडणार नाही. ज्या लोकांनी ही जागा चालवली, त्यांनाच बाहेर ठेवून तिचं जुनेपण विकणं मला पटत नाही.

वेळ थोडा आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि उरणची लोकल एकाच दिवशी सुरू झाली. २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. पळस्पे ते खोपोली आणि पळस्पे ते पेण ह्या दोन्ही रस्त्यांवरच्या जमिनीला भाव आला आहे, आणि जुन्या लॉजच्या जागी काचेच्या इमारतींचे नकाशे तयार होत आहेत. जे मालक इमारत पाडायच्या किंवा नवी करायच्या विचारात आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. फरशी फोडण्याआधी एका कोपऱ्यातली एक टाइल काढून खाली काय आहे ते पाहा. जुनं दरपत्रक भंगारात देऊ नका. आणि मुक्कामाची रजिस्टरं रद्दीत घालू नका. ह्या रस्त्यावरून कोण, कुठून, कशासाठी गेलं याची नोंद त्यांच्यातच आहे.