आधी आकड्यासाठी, मग बाळासाठी

सरकारी दवाखान्यात नाव घातले की गरोदर बाईचे रक्त काढतात: हिमोग्लोबिन, रक्तगट, गरमीसाठी व्हीडीआरएल आणि एचआयव्ही. यातली शेवटची तपासणी खुद्द त्या बाईच्या उपयोगी पडायला मात्र फार वर्षे गेली.

1986 साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्हीबाधित रक्तनमुने शोधले. ते वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे होते. रोग ‘तसल्या’ बायकांचा, ही समजूत तेव्हापासून रुजली. तिला उत्तर पुण्याहून मिळाले. 1993 ते 1996 या काळात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, त्या व्यवसायात कधीच नसलेल्या 525 स्त्रिया तपासल्या. 13.6 टक्के बाधित निघाल्या. या 525 पैकी बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला होता.

1998 पासून देशभर साथीचा अंदाज घेण्यासाठी गरोदर स्त्रियांचे रक्त तपासले जाऊ लागले. व्हीडीआरएलसाठी काढलेल्या रक्तातले उरलेले रक्त, नाव-पत्ता काढून. एखाद्या राज्यात गरोदर स्त्रियांत एक टक्क्याहून जास्त बाधित आढळल्या, तर ते राज्य जास्त प्रादुर्भावाचे ठरे. महाराष्ट्र त्यांत होता. हे मोजणे गरजेचे होते. पण जिच्या रक्तातून आकडा निघाला, तिला आपला निकाल कधी कळला नाही.

नाव महत्त्वाचे झाले ते औषधामुळे. झिडोव्हुडिन दिल्यास बाळाला होणारी लागण 25.5 टक्क्यांवरून 8.3 टक्क्यांवर येते, हे 1994 मध्ये अमेरिका-फ्रान्समधल्या चाचणीने दाखवले. 1999 मध्ये युगांडातून त्याहून स्वस्त उपाय आला: कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक मात्रा. पुढच्या काही वर्षांत भारतातही तो सुरू झाला.

अडचण वेगळीच होती. कित्येक बायका पहिल्यांदा दवाखान्यात येत त्याच कळा देत. कोणी बाळंतपणाला माहेरी आलेली, कागद सासरी राहिलेले. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात यावर संशोधकांनी प्रसूतिकक्षातच दिवसरात्र समुपदेशन ठेवले आणि हिरड्यांवरून बोळा फिरवून लगेच निकाल देणारी तपासणी केली. हजाराहून जास्त स्त्रियांनी होकार दिला.

तरीही ती एक गोळी बाळासाठीच होती. आईचा आजार तसाच राहत होता. 2004 पासून एचआयव्हीवरचा मोफत औषधोपचार (एआरटी) आला, पण प्रतिकारपेशी ठरावीक पातळीखाली गेल्यावरच. ही अट गरोदर स्त्रियांसाठी 2014 मध्ये गेली. बाधित आढळली की लगेच, जन्मभर औषध. उपचाराविना बाळाला लागण होण्याचे प्रमाण 15 ते 45 टक्के असते. वेळेवर उपचार मिळाले तर ते पाच टक्क्यांखाली येते.

घरात सर्वांत आधी तपासली जाते ती सून, म्हणून आजार तिनेच आणला असे आजही ठरवले जाते. पुण्याचा अभ्यास नेमके उलटे सांगत होता. सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात (आयसीटीसी) एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि निकाल गुप्त राहतो. बायकोचे नाव घालायला जाल, त्याच दिवशी नवऱ्यानेही आपले रक्त तपासून घ्यावे.