कॅम्प नावाची वस्ती

भिलाईत ऑटोवाल्याला ‘कॅम्प’ म्हटलं की तो लगेच विचारतो, ‘‘एक की दो?’’ कॅम्प-१ आणि कॅम्प-२ ही दोन मोठ्या वस्त्यांची नावं आहेत. तिथे पक्की घरं आहेत, शाळा, देवळं, सोन्याचांदीची दुकानं आहेत, आणि तिथे जन्मलेल्यांची नातवंडं आता कॉलेजात जातात. तरी पत्त्यावर शब्द कॅम्पच राहिला. कॅम्प म्हणजे तळ, काम संपलं की उठणारा. हा तळ उठला नाही. का उठला नाही, आणि रुळांच्या अलीकडे मी राहते त्या सेक्टर ६ सारख्या आखीव वसाहतीशी त्याचं नातं काय, हे समजून घेण्याचा मी बरीच वर्षं प्रयत्न करते आहे.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. हिंदी आणि मराठी या दोन्ही तिथल्या राजभाषा होत्या. आजच्या नकाशात भिलाईतला मराठी माणूस परप्रांतीय दिसतो, पण १९५५ साली भंडारा जिल्ह्यातून दुर्ग जिल्ह्यात कामाला येणं म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात येणं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात गेलं, दुर्ग भोपाळकडे गेलं. कामावर आलेली माणसं होती तिथेच राहिली आणि सीमा त्यांच्या मागे आखली गेली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. विदर्भातून भिलाईला आलेल्यांत बौद्ध झालेली कुटुंबं पुष्कळ होती. गावात ज्यांचं घर वेशीबाहेर होतं, त्यांना इथे निदान सगळ्यांच्याच झोपड्या सारख्या दिसत होत्या.

पोलादाचा कारखाना उभारायचा म्हणजे आधी माती. शेतं सपाट करायची, पाये खणायचे, रेल्वेचे फाटे टाकायचे. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झालं. करारापासून भट्टीपर्यंत बरोबर चार वर्षं आणि दोन दिवस. या चार वर्षांत हजारो मजूर, मिस्त्री आणि रेजा इथे राबत होत्या. रेजा म्हणजे बांधकामावर डोक्यावरून माती वाहणारी बाई. हा शब्द मला कुठल्या कोशात शोधावा लागला नाही, तो घरातच होता. ही सगळी माणसं रात्री झोपत कुठे, याचं उत्तर म्हणजे कॅम्प. तट्ट्याच्या भिंती, वर ताडपत्री, पत्रा किंवा खपरेल, आत एक पेटी आणि चूल. भाडं नाही किंवा नावापुरतं, कामावर पायी जाता येईल एवढं अंतर. स्वस्तात राहण्याची याहून सोपी सोय नव्हती. कामावर कायम झालं की क्वार्टर मिळेल, ही आशा तिला जोडलेली होती.

वसाहतीची आखणी मात्र कॅम्पहून अगदी वेगळ्या हिशेबाने झाली. प्रत्येक सेक्टरला आपली शाळा, बाजार, दवाखाना, मैदान. सरळ रस्ते, त्यांना नावं नाहीत, आकडे. सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर एवढं लिहिलं की पत्र पोचतं. नळ, वीज, मागे भाजी लावण्यापुरती जागा. घर किती खोल्यांचं हे हुद्द्यावर ठरे आणि कधी मिळणार हे ज्येष्ठतेवर. थोडक्यात, इथे घर ही नोकरीची सावली होती. नोकरी आली की घर आलं, नोकरी संपली की घर गेलं.

आणि इथेच खरी मेख आहे. रांग होती, पण रांगेत उभं राहायला कायम नोकरीचं टोकन लागायचं. ठेकेदाराच्या मजुराकडे ते नव्हतं. त्या काळचे कायदे पाहिले की हे स्पष्ट दिसतं. केंद्र सरकारची औद्योगिक कामगारांसाठीची अनुदानित गृहयोजना १९५२ सालची, पण ती कारखान्यातल्या कामगारासाठी होती. कारखाना उभा करणारा माणूस कायद्याच्या लेखी कारखान्यातला कामगार नव्हताच. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने पिण्याचं पाणी, शौचालय, उपाहारगृह, प्रथमोपचार एवढं मागितलं, घराचा उल्लेख नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या कायद्यात निवासाची सोय आली. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्याने कामाच्या जागी किंवा जवळ मोफत तात्पुरतं घर देणं मालकावर बंधनकारक केलं. त्याच कलमात पुढे असंही सांगितलं की काम संपलं की ती तात्पुरती बांधकामं लवकरात लवकर पाडून टाकावीत. घर मिळालं, पण त्याच्या पाडण्याची सोयही सोबतच आली. त्यानंतर त्या माणसाने जायचं कुठे, याबद्दल कलम गप्प आहे.

माझ्या घरात हा फरक दोन भावांत दिसतो, म्हणून घरचं थोडं सांगते. माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ दोघेही तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातून एकाच ठेकेदाराकडे कामाला आले आणि कॅम्पात एकाच झोपडीत राहिले. काही वर्षांनी आजोबा कारखान्यात कायम झाले आणि त्यांना क्वार्टर मिळालं. धाकटे आजोबा मिस्त्रीकाम करत राहिले, एका ठेक्यावरून दुसऱ्या ठेक्यावर. आजोबांच्या घराचा पत्ता तीन आकड्यांत मावायचा, धाकट्या आजोबांचा सांगायला पिंपळ, हातपंप आणि पिठाची गिरणी लागायची. त्यांच्या घरी पेटी कायम विटांवर ठेवलेली असे. पाणी आत यायचं म्हणून, आणि आणखी एका कारणासाठी. ‘‘कवा निघा लागन, का मालूम,’’ धाकटी आजी म्हणायची. त्या निघाल्या नाहीत. तट्ट्याच्या जागी विटा आल्या, मग पत्रा गेला आणि स्लॅब पडला. दर वेळी जेवढे पैसे साठले तेवढंच घर पुढे सरकलं. आराखडा कुणी काढला नव्हता, कर्ज कुठल्या बँकेने दिलं नव्हतं.

भिलाईवर दीर्घकाळ संशोधन केलेले मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी ‘नोकरी’ आणि ‘काम’ या दोन रोजच्या शब्दांत हे शहर वाचलं आहे. नोकरी म्हणजे कायम, सुरक्षित, हक्काची रजा असलेली. काम म्हणजे आज आहे, उद्याचं माहीत नाही. मराठी वाचकाला या दोन शब्दांतलं अंतर वेगळं समजावून सांगायला नको. मी एवढंच जोडेन की भिलाईत या दोन शब्दांचे दोन पत्ते झाले. हावडा-मुंबई रेल्वेमार्गाच्या दक्षिणेला नोकरी, उत्तरेला काम.

तात्पुरत्या घरांचा असा मुक्काम फक्त इथेच पडला असं नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित उतरवले गेले. १९४९ मध्ये त्या जागेला उल्हासनगर नाव मिळालं, पण लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प एक ते पाच असंच म्हणतात. भिलाईच्या माणसाला तिथे लगेच ओळखीचं वाटेल. फरक एका गोष्टीचा आहे. उल्हासनगरच्या लोकांचा दावा सरकारने मान्य केला होता. १९५४ चा विस्थापितांना भरपाई आणि पुनर्वसन देणारा कायदा त्यांच्यासाठी होता आणि बराकीतल्या खोल्या पुढे त्यांच्या मालकीच्या होऊ शकल्या. जमीन सोडून आलेल्याला राष्ट्र काही देणं लागतं, हे तिथे कबूल होतं. राष्ट्राचं पोलाद उभं करणाऱ्यालाही काही देणं लागतं, हे इथे कुणी कागदावर लिहिलं नाही.

मुंबईत उलटं घडलं. १९६९ च्या कायद्याने जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी मंडळ आलं, ते पुढे म्हाडाचा भाग झालं. इमारत कोसळली किंवा धोकादायक ठरली की रहिवाशांना संक्रमण शिबिरात हलवायचं आणि नवी इमारत झाली की परत आणायचं, अशी ती रचना. इथे माणसं रांगेत होती, त्यांची नावं यादीत होती. पण रांगच हलेना. संक्रमण शिबिरात लग्नं झाली, बाळंतपणं झाली, त्या बाळांची लग्नं झाली. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, ज्याला सगळे पत्राचाळ म्हणतात, ६७२ रहिवाशांनी पुनर्विकासासाठी घरं रिकामी केली आणि वर्षानुवर्षं भाड्याच्या घरांतून वाट पाहिली. शिबिर, पत्रा, कॅम्प हे शब्द मराठीत तात्पुरतेपणाचे असायला हवेत, पण आपल्या शहरांत त्यांचा अर्थ बदलून गेला आहे.

ब्रिटनमध्ये १९४४ साली कायदा करून कारखान्यात तयार होणारी सुटी घरं उभारली गेली. बॉम्बहल्ल्यात बेघर झालेल्यांसाठी अशी सुमारे १,५६,००० घरं झाली. त्यांचं आयुष्य दहा-पंधरा वर्षं धरलं होतं. पण त्यांत स्नानगृह होतं, बसवलेलं स्वयंपाकघर होतं, पुढे बाग होती. लोकांना ती इतकी आवडली की अनेक जण मुदत संपल्यावरही पुष्कळ वर्षं त्यांत राहिले. आज अमेरिकेत भाडं परवडत नाही म्हणून व्हॅनमध्ये किंवा ओढगाडीवरच्या छोट्या घरात राहणारी वयस्क माणसं आहेत. तिथे सरकारी घरभाडे मदतीला पात्र असलेल्या चार कुटुंबांमागे साधारण एकालाच ती मिळते. बाकीच्यांनी यादीत थांबायचं. आपल्याकडे बीडचं ऊसतोड कुटुंब गाडीत संसार भरून निघतं आणि फडाजवळ कोपी घालतं. चाकं दोघांनाही आहेत. पण व्हॅनमधल्या म्हातारीचं नाव निदान कुठल्यातरी यादीत असतं. कोपीतल्या बाईची यादी फक्त मुकादमाच्या वहीत असते, आणि त्या वहीत घर नसतं, उचल असते.

ही सगळी उदाहरणं शेजारी ठेवली की मला एक गोष्ट दिसते. तात्पुरतं घर वाईट की चांगलं, हे ते पत्र्याचं आहे की विटांचं यावर कमी ठरतं. त्या घराला पुढची पायरी आहे का, आणि त्या पायरीवर तुमचं नाव लिहिलं आहे का, यावर ते जास्त ठरतं.

आमच्याकडे ही पायरी फार उशिरा आली. अविभक्त मध्य प्रदेशाने १९८४ मध्ये शहरी भूमिहीनांना ते राहतात त्या जागेचा पट्टा देण्याचा कायदा केला, ५० चौरस मीटरपर्यंत. तेव्हापासून ‘पट्टा’ हा शब्द छत्तीसगडच्या वस्त्यांत दागिन्यासारखा जपला जातो. २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली. तिचा स्वतःच्या जागेवर घर बांधण्याचा जो भाग आहे त्याला छत्तीसगडात ‘मोर जमीन, मोर मकान’ म्हणतात. नाव गोड आहे, आणि अटही त्यातच आहे: आधी मोर जमीन, मग मोर मकान. ज्याच्या हातात कागद त्याला अनुदान. ज्याच्या आजोबांनी शहर बांधलं पण कागद घेतला नाही, त्याने पुन्हा अर्ज करायचा.

सेक्टरातल्या माणसानेही फार निश्चिंत राहू नये असा काळ आला आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात कारखान्यात साठ हजारांहून जास्त कायम कामगार होते. आज ती संख्या निम्म्याहून कितीतरी कमी आहे, आणि कारखान्याच्या आतली पुष्कळ कामं ठेक्यावर होतात. या शतकाच्या सुरुवातीला काही क्वार्टर दीर्घ मुदतीच्या लीजवर दिली गेली, म्हणून आमच्यासारखी काही कुटुंबं निवृत्तीनंतरही इथे टिकली. आमच्या स्ट्रीटवर आता बंद घरंही आहेत, खिडक्यांतून झाडं उगवलेली. रुळांपलीकडे खोलीमागे सहा माणसं आणि अलीकडे कुलूप, हे चित्र १९५५ च्या आखणीत कुणी कल्पिलं नसेल. नोकरीला बांधलेलं घर नोकरीबरोबर ओस पडतं, हा त्या आखणीतलाच दोष आहे. कामाने बांधलेली वस्ती मात्र काम संपलं तरी वाढत राहिली.

सोव्हिएत तज्ज्ञ जिथून पोलादनगरीचा अनुभव घेऊन आले, त्या देशात उरलजवळ माग्नितोगोर्स्क हे शहर आहे. तिथेही १९२९ पासून पहिले मजूर तंबूंत राहिले, मग बराकींत. १९६६ मध्ये त्या शहराने पहिल्या बांधकाम मजुरांसाठी स्मारक उभारलं: ग्रॅनाइटचा तंबू, आणि त्याच्याजवळ लोहखनिजाचा तुकडा धरलेला हात. तिथल्या मजुरांचे हाल त्या तंबूने पुसले गेले नाहीत. पण शहर कुठून सुरू झालं हे तिथे दगडात नोंदलेलं आहे.

भिलाईत मैत्रीबाग आहे, इस्पितळ आहे, आखीव रस्ते आहेत. कॅम्पात पहिली झोपडी कुठे पडली, रेजा कुठल्या गावांतून आल्या, पाणी कुठून आणत, हे सांगू शकणारी माणसं आता नव्वदीकडे आहेत. मला दगडाचा तंबू नको आहे. त्यांची नावं, त्यांची गावं आणि त्यांच्या झोपडीची जागा लिहून घेणारी एक वही हवी आहे. गेल्या पावसाळ्यापासून मी ती सुरू केली आहे. पहिलं पान धाकट्या आजीचं आहे. आतापर्यंत एकोणीस घरं झाली, त्यातल्या अकरा घरी पट्टा नाही. वहीचा त्यांना उपयोग होईल की नाही हे कार्यालयं ठरवतील. पण अर्जात ‘आपण येथे कधीपासून राहता’ असा एक रकाना असतो, आणि त्यात लिहायला त्यांच्याकडे आता एक साल असेल.