सी. रामचंद्र आणि हळदोण्याचा ट्रम्पेट



'अलबेला'ची गाणी कुणाची? म्हापशातल्या आमच्या मराठी घरांत कुणालाही विचारा, उत्तर एकच: अण्णांची, म्हणजे सी. रामचंद्रांची. बरोबरच आहे. पण माझा जन्म गेला बँकेत खतावण्या तपासण्यात. सगळी जमा एकाच नावावर दिसली की दुसरं खातं शोधायची सवय काही जात नाही.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ चा, गाव नगर जिल्ह्यातलं पुणतांबे. पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांकडे ते शास्त्रीय गाणं शिकले. सिनेमात आले ते नट व्हायला. ते काही जमलं नाही, मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवू लागले. १९४७ चा 'शहनाई', १९४९ चा 'पतंगा' आणि १९५१ चा 'अलबेला' यांनी देशाला विलायती तालावर डोलायला लावलं. आता सांगा, रागदारीत वाढलेल्या या माणसाकडे जॅझ आला कुठून?

तो आला आपल्या बार्देश तालुक्यातून! हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे ट्रम्पेट वाजवायचे. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री मुंबईच्या हॉटेलांत बँड आणि दिवसा अण्णांच्या गाण्यांची वाद्यरचना, अशी त्यांची दोन दुकानं चालायची. 'अलबेला'त तर ते आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात. पुन्हा बघाल तेव्हा भगवानदादांच्या मागे जरा लक्ष द्या.

कामाची पद्धत सांगतो. संगीतकार चाल बांधायचा, पेटीवर गाऊन दाखवायचा. पण चाळीस वादकांनी एकत्र वाजवायचं तर प्रत्येकापुढे त्याचा कागद हवा. आपल्याकडची तालीम तोंडी, ऐकून शिकण्याची. गोव्यात मात्र पोर्तुगीज अमदानीत इगर्जीच्या शाळेत पोरांना लहानपणीच व्हायोलिन आणि नोटेशन शिकवत. गावात पोट भरेना, म्हणून हीच पोरं मुंबई-कलकत्त्याला गेली. ती हॉटेलांत, बोटींवर आणि मग स्टुडिओत वाजवू लागली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड आणि शंकर-जयकिशन यांचे सेबास्टियन डिसोझा हे सगळे याच परंपरेतले.

यात अण्णांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. 'अलबेला'नंतर दोनच वर्षांनी त्यांनी 'अनारकली' दिला, १९५९ ला 'नवरंग' दिला. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लताबाईंनी पंडित नेहरूंसमोर जे गीत गायलं, त्याची चालही त्यांचीच. चाल अण्णांची, ती सजवणारे हात गोंयकारांचे. हिशेब दोघांच्या भागीदारीचा होता. पण श्रेयनामावलीत भागीदाराचं नाव बहुधा यायचंच नाही, आलं तर सहाय्यक म्हणून.

चिक १९६७ ला गेले, अण्णा १९८२ ला. अँथनींचं नाव तेवढं पुढे एका गाजलेल्या सिनेमाच्या गाण्यात आलं, तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी आठवण ठेवली म्हणून. बाकीच्यांची नावं आज फक्त त्यांच्या घरच्यांना ठाऊक.

आपण इथं पिढ्यान्‌पिढ्या राहतो. जत्रेला ते आपल्याकडे येतात, फेस्ताला आपण त्यांच्याकडे जातो. तुमच्या वाड्यावरही कुणाचा आजोबा, कुणाचा पापा मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिन नाहीतर ट्रम्पेट वाजवत असेल. घरच्यांना विचारा. नाव, गाव, वाद्य आणि कुठल्या सिनेमात वाजवलं, एवढं वहीत टिपून ठेवा. सांगणारे आता ऐंशी-नव्वदीत आहेत, उद्यावर ढकलू नका.