रोशाच्या तेलाची गोष्ट

मंडळी, पावसाळा लांबला की आमच्या तळेगाव ढमढेऱ्याकडे दोन तक्रारी हमखास कानी येतात. धान्याला बुरशी लागली आणि अंगावर नायटा उठला. नायटा म्हणजेही बुरशीच, हे वर्गात सांगितले की मुले हसायची. या दोन्ही बुरशींना रोखण्याचा गुण एका रानगवताच्या तेलात आहे. त्याचे नाव रोशा. कुठे त्याला तिखाडी म्हणतात, संस्कृतात रोहिष.

एकोणिसाव्या शतकात खानदेशात, विशेषतः अक्राणीच्या डोंगरउतारांवर, हे गवत भरपूर उगवे. पाऊस सरता सरता भिल्लांकडून ते मुसलमान कारागीर विकत घेत आणि लाकूड-पाणी जवळ असेल अशा ओढ्याकाठी भट्टी लावत. गवत पाण्यात उकळायचे, वाफ थंड करायची, वर तरंगणारे तेल काढून घ्यायचे. ते मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत. युरोपात त्याला नाव पडले 'तुर्की जिरॅनियम तेल'! गवत अक्राणीचे, नाव तुर्कांचे.

ही भेसळ खपायची कशी? 1871 साली याकॉबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच तेलातून जिरॅनिऑल वेगळे केले. रोशाच्या तेलात मुख्य भाग त्याचाच, आणि गुलाबाच्या तेलातही ते असतेच.

गंमत म्हणजे हेच जिरॅनिऑल बुरशीचे वैरी. बुरशीच्या पेशीचे आवरण ते बिघडवते, आतले द्रव्य झिरपते आणि वाढ खुंटते. धान्यावरच्या अस्परजिलस बुरशीवरही प्रयोगशाळेत असा परिणाम दिसला आहे. बाजाराने मात्र भाव केला तो वासाचा.

आज हे सांगायला कारण आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद न देणारी नायट्याची बुरशी भारतात पसरली आहे. 2020 साली तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव मिळाले. नवे औषध शोधताना रानाकडेही पाहायला हवे. अर्थात बशीतली बुरशी मरणे वेगळे आणि माणूस बरा होणे वेगळे. हे तेल लवकर उडून जाते, आणि निव्वळ लावले तर कातडीची आग होऊ शकते. तेव्हा नातवंडांनो, नायटा झाला तर डॉक्टरांकडे जा. दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे मलम लावू नका.

उद्या रोशातून औषध निघालेच, तर त्याच्या नावात अक्राणी कुठेतरी असावी, एवढीच इच्छा.