कवट्या, गुण आणि गटाची सरासरी

पुण्यात मेंदूप्रतिमांचे संख्याशास्त्र शिकवताना मी सुरुवात इरावती कर्वे यांच्यापासून करतो. ‘युगान्त’च्या लेखिकेचा एमआरआयशी काय संबंध, असे विद्यार्थी विचारतात.

१९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या. कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो आणि त्याचा तर्कबुद्धीशी संबंध आहे, अशी फिशर यांची धारणा होती. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. डाव्या-उजव्यातला फरक होता. वंशाशी त्याचा संबंध दिसला नाही. मार्गदर्शकाच्या धारणेविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला.

त्या कवट्या ज्यांच्या होत्या, त्यांची बुद्धी कोणीच तपासलेली नव्हती. ती वंशाच्या नावावरून गृहीत धरली होती.

आज आपण प्रत्येकाची चाचणी घेतो. समजा, वाचनात अडखळणारी २० मुले आहेत आणि सहज वाचणारी २०. वाचनाचे गुण ‘सहचल’ म्हणून, म्हणजे सोबत मोजलेला आकडा म्हणून, समीकरणात घातले की जुना दोष गेला असे वाटते. मलाही वाटले होते. अशाच एका कामात मी सगळ्यांचे गुण एकत्र घेऊन आलेख काढला; छान चढती रेषा मिळाली. पुढे गट वेगळे करून पाहिले, तर एकाही गटात चढ नव्हता. माझी रेषा फक्त दोन सरासऱ्यांना जोडत होती. चाचणी प्रत्येकाची घेऊनही मी गटाचे नावच मोजले होते.

म्हणून प्रत्येक मुलाच्या गुणांतून त्याच्याच गटाची सरासरी वजा करावी आणि दोन्ही गटांचा चढ स्वतंत्र तपासावा. मग प्रश्न नेमका होतो: एकाच गटात अधिक गुण मिळवणाऱ्याचा मेंदू वेगळा दिसतो का? ‘गुण सारखे असते तर गटांत काय फरक उरला असता’ हा प्रश्न मात्र इथे फोल आहे, कारण गट गुणांवरूनच पाडलेले असतात.

१९३९पासून बाई डेक्कन कॉलेजात होत्या. १९६८ साली त्यांनी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. दर्जा एक म्हणून माणसेही एकसारखी, हे त्यांनी न तपासता मानले नाही. सहचलाचा रकाना भरताना विद्यार्थ्यांनी एवढेच लक्षात ठेवावे, असे मला वाटते.