शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो आणि स्वयंपाकघरापुरते ते खरेही आहे. परंतु शीत कच्चे निघाले, तर दोष कोणाचा? तांदूळ जुना होता, पाणी कमी पडले की विस्तव मंद होता? शीत केवळ ‘कच्चे’ एवढेच सांगते, त्यापुढे ते मुके असते. विज्ञानातील प्रयोगही नेमका असाच मुका असतो, हे ज्यांनी तर्कशुद्ध रीतीने दाखवून दिले, त्या पिएर द्युएम या फ्रेंच पंडिताचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

द्युएम यांचा जन्म १८६१ साली पॅरिस येथे झाला. ते व्यवसायाने पदार्थवैज्ञानिक आणि श्रद्धेने निष्ठावंत कॅथॉलिक होते. १८८४ साली, विद्यार्थिदशेतच, त्यांनी डॉक्टरेटसाठी उष्मागतिकीवरील प्रबंध सादर केला. रासायनिक क्रिया जास्तीत जास्त उष्णता बाहेर पडेल त्याच दिशेने घडते, हा मार्सेलँ बर्थलो यांचा सिद्धांत त्या काळी फ्रान्समध्ये प्रमाण मानला जाई. तेविशीतल्या या विद्यार्थ्याने तो चूक ठरविला. बर्थलो हे मोठे प्रस्थ होते आणि पुढे ते शिक्षणमंत्रीही झाले. प्रबंध नाकारला गेला. द्युएम यांनी तो १८८६ साली ग्रंथरूपाने छापला आणि १८८८ साली चुंबकत्वावरील दुसऱ्या प्रबंधावर पदवी मिळवली. या मनुष्याला पॅरिसात शिकवू द्यायचे नाही, असा बर्थलो यांचा निर्धार होता असे सांगतात. तो शब्दशः खरा असो वा नसो, लील, रेन आणि १८९४ पासून मृत्यूपर्यंत बोर्दो अशा प्रांतिक विद्यापीठांतच त्यांचे आयुष्य गेले, पॅरिसचे अध्यापनपद त्यांना कधीही लाभले नाही. १८९२ साली, विवाहानंतर अवघ्या दोन वर्षांत, पत्नीही निवर्तली. मागे राहिली ती एलेन ही चिमुकली कन्या.

१९०६ साली ‘भौतिक सिद्धांत: त्याचे उद्दिष्ट व त्याची रचना’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील एक उदाहरण वाचकांनी शांतपणे समजून घ्यावे, कारण सारे मर्म त्यात आहे. प्रकाश म्हणजे कणांचा मारा, असे न्यूटनच्या अनुयायांचे मत, तर प्रकाश म्हणजे लहरी, असे दुसऱ्या पक्षाचे. कणवाद खरा असेल, तर प्रकाश हवेपेक्षा पाण्यात अधिक वेगाने धावला पाहिजे. लहरवाद खरा असेल, तर पाण्यात त्याचा वेग मंदावला पाहिजे. १८५० साली फूको यांनी प्रयोग केला आणि पाण्यातील वेग कमी भरला. वाद मिटला, कणवाद कायमचा गाडला गेला, असे जवळजवळ सर्वांनी मानले.

द्युएम विचारतात, गाडले नेमके काय? पाण्यातील वेगाचे भाकीत ‘प्रकाश कणमय आहे’ या एका विधानातून निघत नाही. कण आणि माध्यम यांच्यातील आकर्षणाविषयीची, गतिशास्त्राविषयीची अनेक गृहीतके त्यात मिसळलेली असतात. भाकीत फसले, तर या समूहात कोठेतरी चूक आहे एवढेच सिद्ध होते. ती कोठे, हे प्रयोग दाखवीत नाही. शिवाय कण किंवा लहरी असे दोनच पर्याय संभवतात, हे तरी कोणी सिद्ध केले? वैज्ञानिक हा घड्याळजीसारखा नसतो, असे ते म्हणतात. घड्याळजी चाके सुटी करून तपासतो. वैज्ञानिकाला वैद्याप्रमाणे सगळ्या देहाच्या लक्षणांवरूनच रोग ओळखावा लागतो. या ग्रंथाच्या आदल्याच वर्षी, १९०५ साली, आइन्स्टाइन यांनी प्रकाश ऊर्जेच्या कणांच्या रूपाने वावरतो अशी मांडणी केली होती, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

मग कोणते गृहीतक सोडावे, हे ठरवायचे कशाने? द्युएम यांचे उत्तर ‘सुबुद्धी’ असे आहे. तर्क जेथे थांबतो, तेथे निःपक्षपाती न्यायाधीशाचा विवेक लागतो. आमच्या मते हा त्यांच्या विचाराचा सर्वांत सुंदर आणि सर्वांत दुबळा भाग होय. कारण पेरँ यांच्या प्रयोगांनंतर ओस्टवाल्ड यांच्यासारख्या कट्टर विरोधकानेही अणूचे अस्तित्व मान्य केले, परंतु द्युएम शेवटपर्यंत मानले नाहीत. सुबुद्धीचा पुरस्कर्ता येथे स्वतःच हट्टाला पेटला होता.

आबेल रे या तत्त्वज्ञाने १९०४ साली त्यांच्यावर आक्षेप घेतला, की हे तत्त्वज्ञान मुळात एका श्रद्धावंताचे आहे. द्युएम यांनी पुढल्याच वर्षी उत्तर दिले. आपण श्रद्धावंत आहोत हे त्यांनी निःसंकोच सांगितले, मात्र आपल्या भौतिकशास्त्रात श्रद्धेचा एकही दुवा नाही, असे ठासून म्हटले. ऊर्जा अक्षय्य आहे, म्हणून मानवाला इच्छास्वातंत्र्य नाही, असा युक्तिवाद कोणी करी, तो त्यांनी निरर्थक ठरविला. पण विश्वाच्या दूरच्या भविष्याविषयी उष्मागतिकीवरून निष्कर्ष काढणेही त्यांनी तितकेच निरर्थक ठरविले, आणि ते धर्माच्या बाजूने लढणाऱ्यांना रुचणारे नव्हते. देवाच्या नावाने विज्ञानाचे शस्त्र उचलू पाहणाऱ्या स्वकीयांच्या हातून ते त्यांनी काढून घेतले. इकडे नास्तिक त्यांना धर्मवेडे म्हणत आणि तिकडे काही कॅथॉलिक तत्त्वज्ञ त्यांना संशयवादी ठरवीत!

एका प्रयोगाने सिद्धांत कोसळत नसेल, तर सिद्धांत बदलतात तरी कसे? याचा शोध घेताना ते इतिहासाकडे वळले. १९०३ साली ते स्थितिशास्त्राच्या उगमाविषयी लेखमाला लिहू लागले, तेव्हा मध्ययुगात या शास्त्राची काही प्रगती झाली नाही, हे प्रचलित मत त्यांनाही मान्य होते. त्याच शरद ऋतूत तेराव्या शतकातील जॉर्डानुस यांचे लेखन त्यांच्या हाती आले आणि त्यांनी आपले मत बदलले. त्यानंतर जुन्या हस्तलिखितांच्या राशी उपसून त्यांनी चौदाव्या शतकातील पॅरिसचे आचार्य बुरिदां आणि पुढे बिशप झालेले निकोल ओरेम यांना विस्मृतीतून बाहेर काढले. फेकलेल्या दगडाला हवा ढकलीत नाही, फेकणाराच त्यात एक जोर भरतो, हे बुरिदां यांनी गॅलिलिओच्या जवळजवळ तीन शतके आधी मांडले होते. १२७७ साली पॅरिसच्या बिशपांनी २१९ विधाने निषिद्ध केली आणि अॅरिस्टॉटलची पकड सैल झाली. आधुनिक विज्ञानाची जन्मतिथी सांगायचीच तर तीच, असेही द्युएम यांनी म्हटले. येथे ते आवेशात वाहवले. आलेक्सांद्र कॉयरे यांच्यासारख्या नंतरच्या इतिहासकारांनी हा दावा मान्य केला नाही. मध्ययुग वांझ नव्हते, एवढे मात्र त्यानंतर कोणाला नाकारता आले नाही.

१९०८ साली त्यांनी आणखी एक विधान केले. गॅलिलिओ प्रकरणात तर्क कार्डिनल बेलार्मिन यांच्या बाजूने होता, कारण ग्रहांची भाकिते बरोबर आली म्हणून गृहीतक सत्य ठरत नाही. आम्हां कॅथॉलिकांना हे वाचून गुदगुल्या होतात, म्हणूनच सावध राहावे. तर्काची त्रुटी दाखविणे निराळे आणि मनुष्याला शिक्षा देणे निराळे. १६३३ च्या निवाड्याचे समर्थन या विधानातून निघत नाही. आकाशाला आणि पृथ्वीला एकच गतिशास्त्र लागू पडावे, ही केप्लर व गॅलिलिओ यांची मोठी देणगी द्युएम त्याच पुस्तकात मान्य करतात.

१९१३ साली विज्ञान अकादमीने त्यांना पॅरिसबाहेरील सदस्य म्हणून निवडले. त्याच वर्षी ‘विश्वाची व्यवस्था’ या महाग्रंथाचा पहिला खंड निघाला. १४ सप्टेंबर १९१६ रोजी काबरेस्पीन या गावी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९१७ साली पाचवा खंड आला आणि छपाई थांबली. उरलेली हस्तलिखिते एलेन यांच्याजवळ होती. त्यांनी १९३६ साली पित्याचे चरित्र लिहिले आणि खंड प्रकाशित व्हावेत म्हणून वर्षानुवर्षे चिकाटीने पाठपुरावा केला. सहावा खंड १९५४ साली बाहेर पडला. तोवर अमेरिकेत क्वाइन यांनी १९५१ सालच्या निबंधात हाच विचार अधिक व्यापक करून मांडला होता आणि द्युएम हे नाव तर्कशास्त्राच्या वर्गांतून पुन्हा ऐकू येऊ लागले होते. दहावा व अखेरचा खंड १९५९ साली छापला गेला. तेव्हा एलेन अडुसष्टीच्या घरात होत्या.